निकाल फुकट मिळाला, पण जुना निघाला

घर सोडलं आणि मालकाने डिपॉझिट अडकवून ठेवलं. वकिलाची फी डिपॉझिटच्याच घरात जाणार, म्हणून म्हटलं कायदा आपणच शोधू. पहिले दोन दिवस वाया गेले. प्रत्येक साइटवर वेगळंच काहीतरी, कलमाचा पत्ता नाही, आणि कोर्टाचा नेमका निकाल उघडायला गेलं की पैसे मागणार.

मग वर्ल्डएलआयआय सापडलं, म्हणजे अनेक देशांचे कायदे आणि कोर्टांचे निकाल मोफत शोधता येणारी साइट. १९९२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूट सुरू झाली, तिच्या धर्तीवर १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात ऑस्टएलआयआय आणि पुढे बऱ्याच देशांत अशा मोफत संस्था उभ्या राहिल्या. वर्ल्डएलआयआयवरून आपल्या देशाच्या पानावर जाता येतं.

शोधायची पद्धत बदलली तेव्हा खरा फरक पडला. ‘मालक पैसे देत नाही’ असं लिहून काही हाती लागत नाही. आधी मूळ कायदा उघडला, कलमातले नेमके शब्द उचलले, ते अवतरण चिन्हांत टाकून निकाल शोधले.

एक निकाल अगदी माझ्यासारखाच! खुशीत छापूनही घेतला. नंतर लॉसाइटवर, म्हणजे कोणत्या निकालाचा पुढे कुठे उल्लेख झाला ते दाखवणाऱ्या मोफत साधनावर, पाहिलं तर वरच्या कोर्टाने तो फिरवलेला. (बरं झालं नोटीस पाठवली नव्हती.) त्या वरच्या निकालातच माझ्या कामाचा परिच्छेद मिळाला.

मसुदा मात्र विधी महाविद्यालयाच्या मोफत सल्ला केंद्रात दाखवला. तिथल्या मुलीने दोन वाक्यं खोडली, एक तारीख घातली. नोटीस गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात पैसे आले, रंगकामाचे कापून.