औष्णिक केंद्रात नव्याने रुजू होताय? आधी ऑक्सिजन वाचायला शिका

कोळशावरच्या वीजकेंद्रात आलेले नवे अभियंते बहुधा आधी टर्बाइनकडे धावतात. मी बरीच वर्षं बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये काढली आहेत, म्हणून आग्रहानं सांगतो: सुरुवातीला फ्ल्यू गॅसमधल्या, म्हणजे कोळसा जळून निघणाऱ्या धुरातल्या, ऑक्सिजनवर नजर बसवा. बॉयलरमधून बाहेर पडताना तो साधारण ३ ते ४ टक्के असतो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि न जळलेला कोळसा राखेबरोबर निघून जातो. हवा जास्त झाली की ती तापवण्यात उष्णता खर्ची पडते, ती चिमणीवाटे बाहेर जाते, शिवाय नायट्रोजन ऑक्साइडही वाढतात. उत्सर्जनाचा बराचसा हिशेब असा भट्टीतच ठरतो.

तो हिशेब एकदा स्वतः मांडा. समजा हीट रेट, म्हणजे एका युनिट विजेमागे लागणारी उष्णता, २४०० किलोकॅलरी आहे आणि कोळशाचं उष्मांकमूल्य किलोला ४०००. म्हणजे एका युनिट विजेला ६०० ग्रॅम कोळसा लागला. त्यात ४० टक्के कार्बन धरला तर २४० ग्रॅम. १२ भाग कार्बनपासून ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणून ८८० ग्रॅम. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण भारावर तासभर चालला की ४४० टन! हीट रेट नुसता १० किलोकॅलरींनी सुधारला तरी तासाला सुमारे १.८ टन वाचतात. वरिष्ठ मंडळी एवढ्याशा फरकासाठी का हटून बसतात, ते मला या गणितानं पटवलं.

राख इएसपीत, म्हणजे विद्युतभारानं धुरातली राख खेचून घेणाऱ्या यंत्रात, ९९ टक्क्यांहून जास्त अडते. एफजीडी, म्हणजे धुरातला सल्फर काढणारं संयंत्र, बसवलेलं असेल तर सल्फर डायऑक्साइड चुनखडीच्या द्रावणात शोषला जातो आणि त्याचं जिप्सम होतं. कार्बन डायऑक्साइड अडवणारी यंत्रणा मात्र बहुतेक केंद्रांत नसतेच. ऑपरेटरच्या हातात एवढंच उरतं, तेवढीच वीज कमी कोळशात काढणं.

चिमणीवरचे आकडे वाचताना एक खबरदारी घ्या. धूर नेणाऱ्या डक्टला गळती असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि घनमीटरमागचे मिलिग्रॅम कमी दिसतात, प्रदूषण मात्र तेवढंच राहतं. म्हणून कोळशासाठी आकडे सहसा धुरात ६ टक्के ऑक्सिजन असता तर किती आले असते, अशा हिशेबात आणून मगच तुलना करतात. एअर प्रीहीटरच्या (धुराच्या उष्णतेवर भट्टीची हवा तापवणाऱ्या यंत्राच्या) आधीचा आणि नंतरचा ऑक्सिजन रोज लॉगशीटवर शेजारीशेजारी लिहा. दोन्हींतला फरक वाढत चालला की मेंटेनन्सला सील तपासायला सांगा.