सांधेदुखीसाठी कोणत्या डॉक्टरांकडे जायचं? या चुका टाळा

माझ्या मावशीची बोटं सकाळी आखडायची. कपडे पिळता येत नसत, कुकरचं झाकण उघडायला शेजारणीला हाक मारावी लागे. दीड वर्ष ती हाडांच्या डॉक्टरांकडे जात होती. एक्स-रे ठीक यायचा आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन ती घरी परतायची. आमवाताचं (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आरए) निदान झालं तोवर मनगट वाकडं झालं होतं. ते आता सरळ होणार नाही.

सांधा दुखतो म्हणजे हाडच बिघडलंय, हा समज पहिली चूक. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. हाड नंतर खराब होतं. म्हणून सुरुवातीचे काही महिने एक्स-रे बहुधा स्वच्छ दिसतो, आणि औषधांचा सर्वाधिक उपयोग होतो तोही याच महिन्यांत. हा आजार संधिवाततज्ज्ञांचा, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टचा. ते शस्त्रक्रिया करत नाहीत, औषधांनी आजार आटोक्यात आणतात. पाटीवर एमडी मेडिसिननंतर रुमॅटॉलॉजीतली डीएम किंवा डीएनबी पदवी आहे का, ते बघा. ऑर्थोपेडिक सर्जन हवेत ते हाड मोडलं, लिगामेंट फाटलं किंवा गुडघा बदलायची वेळ आली तर.

घरच्या घरी फरक कसा ओळखायचा? सकाळच्या ताठरपणावरून. उठल्यावर पाच-दहा मिनिटांत सांधा मोकळा होतो, जिना चढताना मात्र दुखतो, वयही पन्नाशीपुढे गेलंय, तर बहुधा झीज. तिथे फॅमिली डॉक्टर, ऑर्थोपेडिक आणि फिजिओथेरपिस्ट पुरतात. मांडीचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम कंटाळा न करता करायचा. ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो, दोन्ही हातांची बोटं सुजतात आणि असं सहा आठवडे चाललंय, तर संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्या. चिकुनगुनियानंतरही सांधे महिनोन्महिने असेच दुखू शकतात, त्यामुळे ताप येऊन गेला असेल तर ते आठवणीने सांगा.

दुसरी चूक रिपोर्टवर विसंबण्याची. आरए फॅक्टर (आमवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला की लोक सुटकेचा श्वास सोडतात. पण आमवात असूनही तो निगेटिव्ह येऊ शकतो, आणि धडधाकट म्हाताऱ्या माणसात पॉझिटिव्हही. गाऊटच्या, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होणाऱ्या आजाराच्या, ऐन झटक्यात युरिक ॲसिडही कधी कधी नॉर्मल दिसतं. सांधे हाताने दाबून तपासणारा डॉक्टर हवा.

तरुण मुलाच्या कंबरदुखीवर ‘बाइक कमी चालव’ एवढंच सांगून सोडून देऊ नका. पहाटे दुखण्याने जाग येते, पडून राहिल्यावर वाढतं, हालचाल केली की बरं वाटतं, तर तो अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात, असू शकतो. सोबत डोळा लाल होऊन दुखत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही त्याच दिवशी दाखवा. सोरायसिस असलेल्याने सांधे दुखू लागल्याचं त्वचेच्या डॉक्टरांना सांगायला हवं. लहान मूल सकाळी लंगडत असेल तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून न सोडता बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि अंगात ताप आहे? तेव्हा अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. सांध्यात पू झाला असेल तर काही दिवसांतच तो कायमचा निकामी होऊ शकतो.

औषधांतल्या दोन चुका जिवावर बेततात. बिनलेबलच्या ‘वाताच्या पुड्या’ दोन दिवसांत आराम देतात, कारण पुष्कळदा त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असतं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. दुसरी चूक मेथोट्रेक्सेटची. ही गोळी आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. कुणी चुकून रोज घेतली तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. घरात वार ठरवा आणि तो डबीवर ठळक लिहा. बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, ही गोळी गर्भाला घातक आहे.

तालुक्याच्या गावी संधिवाततज्ज्ञ सहसा नसतात. मग एमडी फिजिशियनपासून सुरुवात करा, चिठ्ठी घेऊन मोठ्या शहरात एकदा दाखवून या आणि पुढच्या रक्ततपासण्या गावीच करा. जाताना जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. सूज दुपारपर्यंत उतरते आणि तपासताना हात बरे दिसतात, म्हणून सकाळीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मावशीच्या बोटांचा सकाळी सातचा फोटो माझ्या भावाने काढला होता. तज्ज्ञांनी फाइल उघडण्याआधी तोच पाहिला.