सिगार साठवताना उजेड कसा सांभाळाल?

ह्युमिडॉर, म्हणजे सिगारमधली ओल टिकवणारा डबा, घेताना सगळं लक्ष आर्द्रतेवर असतं, आणि मग काचेच्या झाकणाचा तो डबा हौसेने खिडकीजवळ मांडला जातो. उजेडातले अतिनील किरण रॅपरचा, म्हणजे सिगारच्या सर्वांत बाहेरच्या पानाचा, रंग उडवतात, ऊन डबा तापवतं. यातलं दुसरं जास्त घातक.

खिडकीची साधी काच यूव्ही-ए हे अतिनील किरण बऱ्यापैकी आत सोडते. कँडेला या प्रकाराचं हिरवं रॅपर सगळ्यात आधी विटतं, कारण त्यात हरितद्रव्य राखलेलं असतं. तपासायचं असेल तर सिगारवरची कागदी पट्टी, सैल असेल तरच, अलगद सरकवा. पट्टीखालचं पान गडद आणि आजूबाजूचं फिकं दिसलं, तर उजेड लागलाय. गेलेला रंग परत येत नाही. सिगारवरचं सेलोफेन, म्हणजे पारदर्शक वेष्टन, पिवळं पडणं मात्र तंबाखूतल्या तेलांमुळे असतं, त्याचा दोष उन्हाला देऊ नका.

आता उष्णतेचं. १८ ते २१ अंश सेल्सियस आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता ठेवा. डबा तापला की लाकूड आणि तंबाखू ओल सोडतात. रात्री काच गार पडली की तीच ओल आतून थेंबांनी साचते आणि बुरशीला आयतं निमित्त मिळतं. तापमान २४ च्या वर टिकलं तर पानातली भुंग्यांची अंडी फुटण्याचा धोका वाढतो.

जागा ठरवताना सकाळ, दुपार, संध्याकाळ तिथे तिरीप येते का पाहा. ऋतू बदलला की पुन्हा पाहा. बंद कपाट सर्वांत उत्तम. काचेचं झाकण असेल तर अतिनील-रोधक फिल्म लावा, पण ती उष्णता पुरती अडवत नाही, म्हणून वर जाड कापडही हवंच. सिगार काचेच्या बरणीत ठेवत असाल, तर तिला खाकी कागद गुंडाळला तरी भागतं. आतला दिवा एलईडीच घ्या, तोही झाकण उघडल्यावरच लागणारा. हॅलोजन नको, तो तापतो.

डबा उन्हात राहिलाच तर गार करायला फ्रिजमध्ये कोंबू नका. सावलीत ठेवून हळूहळू निवू द्या, काचेवरचे थेंब पुसा, मग एकेक सिगार फिरवून पाहा. भुंग्यांची खूण म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी भोकं किंवा बारीक भुसा; ती दिसली तर सगळ्या सिगार दुहेरी हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांवर ३ दिवस, मग फ्रिजमध्ये १ दिवस ठेवा. खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नका, नाहीतर रॅपर तडकेल.