परतवाड्याकडं प्लॉट घेताय? आधी नाला पाहा, मग डोंगर
अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या डोंगराखालच्या परतवाडा, कांडली, देवमाळी ह्या पट्ट्यात सध्या सगळेच प्लॉट पाहत फिरतात, धारणी-चिखलदऱ्यात नोकरी करणारे मास्तर, फॉरेस्टवाले, रिटायर झालेले, अन् पोरांच्या शाळेपायी गाव सोडून येणारे संत्र्यावाले पण. दलाल सगळ्यांना सारखंच दाखवतो, उत्तरेकडं बोट करून, "पाहा भाऊ, गच्चीवरून सरळ चिखलदऱ्याचा डोंगर दिसते." दिसतो, खोटं नाही. पण डोंगर उत्तरेला म्हणजे पावसाचं पाणी पण तिकडूनच खाली येणार, ते तो काऊन सांगीन?

म्हणून जागा पाहायची तर जुलै-ऑगस्टात, जोराचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी. सापन आणि बिच्छन नदी सगळ्यांना माहीत आहे, तिथं कोणी फसत नाही, फसतात ते बारक्या नाल्यांवर. हा नाला वर्षातले आठ महिने कोरडा असतो, त्यात गुरं चरतात, लेआउटवाला जेसीबी लावून दोन्ही काठ दाबतो, वरून मुरूम टाकतो अन् त्याच्यावरूनच रोड काढतो. रोडखाली पाइप टाकलाय का, केवढा टाकलाय, त्याच्या तोंडात काय अडकलंय हे वाकून पाहा. आजूबाजूच्या कंपाउंडच्या भिंतीवर चिखलाची रेघ कुठवर आहे, तारेत पऱ्हाट्या-प्लास्टिक किती उंचीवर अडकलंय ते पाहा. अन् बेशरमाची झुडपं दिसली तर समजा तिथं पाणी थांबते. दलाल प्लॉट कितीही साफ करून दाखवो, बेशरम कापली तरी पुन्हा फुटते.

दुसरी फेरी मे महिन्यात, पिण्याच्या पाण्यासाठी. डोंगराच्या पायथ्याला खाली डोंगरावरून वाहून आलेले गोटे अन् रेती आहे, त्यातून पाणी झिरपून लय खोल जाते, शिवाय बोअर मारताना गोटे सरकतात, होल ढासळते, म्हणून केसिंग, म्हणजे होल ढासळू नये म्हणून आत टाकायचा पाइप, खोलवर टाकावं लागतं अन् खर्च वाढतो. त्यात बाजूला संत्र्याचे बगीचे, त्यांचेही बोअर त्याच पाण्यावर. (दक्षिणेला पूर्णेकडं सरकलं की खारपाण पट्टा लागतो, तिथं पाणी असून पिता येत नाही, ते वेगळंच दुखणं.) तर शेजारच्या दोन-चार घरी सरळ विचारा की बोअर किती फुटावर लागला, केसिंग किती टाकलं, नळ किती दिवसाआड येतो. आणि हे घरमालकाला विचारू नका, तो आपल्या कॉलनीची इज्जत सांभाळतो, बाईला विचारा, "काकू, उन्हाळ्यात टँकर लागते का?" खरं उत्तर तिथंच मिळतं.

जमीन पण एकसारखी नाही, मुरमाड प्लॉट मिळाला तर पाया स्वस्तात पडतो, काळी माती असली तर पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, मग भिंतीला तडे. काळीतल्या प्लॉटला नाही म्हणायची गरज नाही, पण पाया खोल अन् भिंतीखालचा सिमेंटचा प्लिंथ बीम धरून हिशोब करा, त्याच गल्लीतलं पाच-सात वर्षं जुनं घर पाहा, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा गेलाय का ते.

कागदाचं थोडक्यात. एनए (बिनशेती) ऑर्डर, मंजूर लेआउटचा नकाशा, सातबारा, फेरफार हे तर पाहालच, पण मेळघाट जवळ आहे म्हणून सातबाऱ्यावरचा 'इतर अधिकार' रकाना नीट वाचा. आदिवासीची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही, भोगवटादार वर्ग २ (सरकारनं अटी घालून दिलेली जमीन) असेल तरी आधी परवानगी. शेतातून गुंठ्यानं पाडलेले प्लॉट दिसायला स्वस्त, पण तिथं शेताचे बारके तुकडे पाडायला आडकाठी करणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो, वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊच नका. नकाशात 'खुली जागा' लिहिलेली प्रत्यक्षात कुठं आहे ते चालत जाऊन पाहा, बऱ्याचदा ती नाल्यातच निघते.

आणखी एक, प्लॉट नगरपरिषदेत की ग्रामपंचायतीत? अचलपूर-परतवाड्याची नगरपरिषद एकच आहे, पण कांडली, देवमाळी ग्रामपंचायती. रोडच्या अलीकडं-पलीकडं टॅक्स, नळ, घंटागाडी, नाली सगळं बदलतं. मी तर दोन्हीकडची नाली पाहून मगच ठरवा म्हणीन. लाइट गावठाण फिडरवरून (गावातल्या घरांच्या लाइनवरून) येते की शेतीच्या, हे पण विचारा, शेतीच्या फिडरवर पाळीनं लाइन असते, मग पंखा पण पाळीनंच.

डोंगराच्या अगदी कडेला राहायची हौस असेल तर वानरांचा विचार करा. टाकीचं झाकण, सोलरचे पाइप, डिशची वायर, काहीच सोडत नाहीत, अन् पपई तर तुमची नाहीच. बिबट रोज येत नाही, पण गल्लीतली कुत्री कमी होत असतील तर लोकांना कारण विचारा. रात्री नऊनंतर एकदा गाडीनं चक्कर मारा, खांबावर दिवे लागतात का आणि कॉलेजवरून येणारी पोरगी त्या रस्त्यानं एकटी येईल का ते तेव्हाच कळतं.

बैतूल रोडला घर पाहत असाल तर डिसेंबर-जानेवारीत बहिरमच्या यात्रेची गर्दी धरून चाला. म्हातारे आई-बाबा सोबत असतील तर अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय किती लांब पडतं ते पाहा, कारण मोठं काही झालं की पुढं अमरावतीलाच न्यावं लागतं, जवळपास पन्नास किलोमीटर. शकुंतला रेल्वे बंद पडली, आता एसटी नाहीतर स्वतःची गाडी, म्हणून स्टँडपासून ऑटोनं रात्री किती घेतात तेही विचारून ठेवा.

एवढं करूनही मन ठरत नसेल तर त्याच भागात भाड्यानं राहा. करार अकरा महिन्यांचाच असतो, जुलैपासून सुरू करा म्हणजे पावसाळा अन् मे दोन्ही त्यात बसतात.