रोब्लॉक्सवर उड्यांचा गेम करताय? चेकपॉइंट आधी नीट करा

एकट्याने खेळून पाहिलं की चेकपॉइंट (पडल्यावर जिथून पुन्हा सुरू करायचं ती फळी) झकास चालतो, दोघं आले की गडबड. पाय फळीला टेकला की ‘टच्ड’ इव्हेंट (स्पर्श झाल्याची सूचना) एकदा नाही, बऱ्याचदा सुटतो: डावा पाय, उजवा पाय, कधी हातसुद्धा. म्हणून आपण ‘एक सेकंद थांब, तोवरचे स्पर्श सोडून दे’ असा डिबाउन्स लावतो. पण तो सगळ्यांसाठी एकच व्हेरिएबल ठेवला, तर पाठोपाठ पोचलेल्या दुसऱ्याची नोंदच होत नाही. बिचारा पडतो आणि थेट सुरुवातीला! त्यामुळे टेबल (नोंदींची यादी) ठेवा, प्रत्येक खेळाडूच्या यूजरआयडीवर (ओळख क्रमांकावर) वेगळी नोंद. खेळाडू बाहेर पडला की ती पुसा. आणि हे सगळं सर्व्हर स्क्रिप्टमध्येच, म्हणजे रोब्लॉक्सच्या सर्व्हरवर चालणाऱ्या कोडमध्ये. क्लायंटने (खेळाडूच्या फोन-कॉम्प्युटरने) पाठवलेल्या ‘मी दहाव्या चेकपॉइंटवर आहे’वर विश्वास नको. चेकपॉइंटचा नवा आकडा जुन्यापेक्षा बरोबर एकने मोठा असेल तरच घ्या.

फळ्यांमधलं अंतर? नेहमीचा वेग सेकंदाला १६ स्टड (रोब्लॉक्सचं लांबीचं एकक), उडीची उंची ७.२ स्टड, गुरुत्व १९६.२ धरलं तर हवेत जेमतेम अर्धा सेकंद मिळतो, म्हणजे साधारण साडेआठ स्टड. सुरुवातीच्या फळ्या पाच-सहावर ठेवा. मोबाइलवर खेळणारेही असतात.