डीबी कपाटात झाकताना किती जागा सोडायची

भिंतीवरचा डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड, म्हणजे घरातल्या वायरी जिथून वाटल्या जातात ती एमसीबींची पेटी) डोळ्यांत खुपतो, म्हणून तो सर्रास कपाटात दडवला जातो. झाकायला हरकत नाही. पण शटर उघडल्यावर वायरमनला त्याच्यासमोर सरळ उभं राहून दोन्ही हातांनी काम करता आलं पाहिजे. अडचणीत वाकून, चालू टर्मिनलजवळ स्क्रू-ड्रायव्हर फिरवताना हात कधी निसटेल याचा नेम नसतो.

अमेरिकेच्या एनईसी या विद्युत नियमावलीप्रमाणे घरगुती पॅनलपुढे (म्हणजे डीबीपुढे) 36 इंच खोल, 30 इंच रुंद (पॅनल त्याहून रुंद असेल तर तेवढी) आणि जमिनीपासून साडेसहा फूट उंच जागा मोकळी लागते. भारतीय नियम मुख्य स्विचबोर्डपुढे 1 मीटर मागतात. तेव्हा सरळ 1 मीटर धरा. माप डीबीच्या दर्शनी भागापासून घ्यायचं, शटरपासून नाही. फरशीवर मास्किंग टेपने चौकोन आखा. कपाटाचा तळ, फळी, चपलांचा कप्पा त्यात येत असेल तर जागा मोकळी नाही.

म्हणूनच 24 इंच खोल वॉर्डरोब इथे नापास. डीबी मागच्या भिंतीवर आणि माणूस दोन फूट अलीकडे! त्यात कपडे, परफ्यूमचे स्प्रे. एखादं लूज कनेक्शन तापलं तर पेटायला सगळं हाताशी. त्यापेक्षा डीबीपुढे 4 ते 6 इंच खोलीची नुसती चौकट करा, आत एकही फळी नको. शटर पूर्ण 90 अंश उघडू द्या. शेजारच्या ड्रॉवरचं हँडल आड येतंय का, ते बिजागऱ्या ठोकण्याआधी पाहा. कुलूप नको. वर उचलायचं शटरही नको, ते उचलून धरणारा पंप सैल पडला की ते डोक्यावर येतं.

सुतार हमखास चुकतो तो मागच्या प्लायच्या कटआउटमध्ये. तो डीबीच्या दाराएवढंच भोक पाडतो. मग दार उघडतं, पण कव्हरचे स्क्रू प्लायखाली अडकतात आणि एमसीबी (जादा लोड आल्यावर आपोआप बंद होणारा स्विच) बदलायला प्लाय कापावा लागतो. कव्हरच्या चारी बाजूंनी निदान 1 इंच जास्त कापून घ्या. डीबीच्या वर-खाली वायरींचे पाइप भिंतीतून जातात, त्या पट्ट्यात ड्रिल मारू नका.

घरगुती एमसीबीचं रेटिंग साधारण 30 अंश सेल्सिअसला धरलेलं असतं. बंद चौकटीत उष्णता साठली की तो लोड पुरा व्हायच्या आधीच ट्रिप होऊ शकतो. शटरला वर-खाली जाळी ठेवा.

फर्निचर आधीच झालं असेल तर डीबी हलवू नका; सगळ्या वायरी जोडून वाढवाव्या लागतात. फळ्या आणि तळ कापणं स्वस्त पडतं. कापण्याआधी मेन बंद करा, पण मेनकडे येणाऱ्या वायरी तरीही चालू असतात, त्यामुळे कव्हर वायरमनशिवाय उघडू नका.