नाव झाकून ऐकवा: जॅझवादक कानाने ओळखण्याची बैठक कशी भरवावी

फोंडा-मंगेशीकडच्या जुन्या श्रोत्यांपुढे नाव न सांगता एखादी जुनी ध्वनिमुद्रिका लावली, तर आवाजाचा पहिला लगाव ऐकूनच ते 'केसरबाई' म्हणून मोकळे होतात. ज्या कानांना हे जमते, त्यांना जॅझमधला टेनर सॅक्सोफोन कोणाचा आहे हे ओळखणेही अवघड नाही. त्यासाठी फक्त सवय हवी, आणि चार-सहा जणांनी एकत्र बसून नावे झाकलेली ध्वनिमुद्रणे ऐकली की ती लवकर लागते.

अमेरिकेत या प्रकाराला 'ब्लाइंडफोल्ड टेस्ट' म्हणतात. समीक्षक लेनर्ड फेदर यांनी १९४६ मध्ये 'मेट्रोनोम' मासिकात तो सुरू केला आणि पुढे 'डाउनबीट'मध्ये नेला. नामवंत वादकाला बोलवायचे, तबकडी लावायची आणि कोण वाजवत आहे याचा सुगावा न देता त्याचे मत लिहून घ्यायचे, अशी ती पद्धत होती. वादक गोरा आहे की काळा हे आपण नुसते ऐकून सांगू, अशी पैज ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिज याने १९५१ मध्ये फेदर यांच्याशी लावली होती. ती तो हरला आणि हरल्याचे त्याने कबूलही केले. बैठकीच्या आरंभी हा किस्सा अवश्य सांगावा, म्हणजे चुकण्याचा संकोच कोणाला उरत नाही.

निवड

एका बैठकीची निवड एकाच व्यक्तीने करावी आणि तुकडे पाचांहून जास्त घेऊ नयेत. प्रत्येक तुकडा दोनदा ऐकायचा असतो आणि त्यावर बोलणेही होते, त्यामुळे पाचव्या तुकड्यापर्यंत कान थकतात. निवडीतली सर्वांत मोठी चूक म्हणजे अतिप्रसिद्ध ध्वनिमुद्रण घेणे. कोलमन हॉकिन्सने ११ ऑक्टोबर १९३९ रोजी मुद्रित केलेले 'बॉडी अँड सोल' लावले, तर ऐकणारे ती तबकडी ओळखतात आणि हॉकिन्सला ओळखायचे राहूनच जाते. म्हणून वादक प्रसिद्ध असावा, पण तुकडा कमी ऐकलेला असावा. याच्या उलट, कोणी कधी ऐकलाच नसेल असा वादक शोधून सगळ्यांना गप्प करण्यात काही पुरुषार्थ नाही. ज्याचे उत्तर निघूच शकत नाही ते कोडे नव्हे.

निवडलेल्या प्रत्येक तुकड्यासाठी एका कागदावर मुख्य वादक, बास, ड्रम, पियानो आणि वर्ष ही माहिती लिहून ठेवावी. ॲपवर बहुधा मुख्य वादकाचेच नाव दिसते, म्हणून ती शक्यतो तबकडीच्या वेष्टनावरून पडताळावी. बैठकीत भांडण होते ते बहुतेक वेळा ड्रमवादकावरून, आणि त्या वेळी हा कागदच कामाला येतो.

नावे झाकणे

फाइलचे नाव बदलून 'एक', 'दोन' केले की काम झाले असे वाटते, पण कलाकाराचे नाव आणि मुखपृष्ठ फाइलच्या आतही साठवलेले असते, आणि तेही पुसावे लागते. आमच्या पहिल्याच बैठकीत फोन दूरदर्शन संचाला जोडलेला होता. तुकड्याचे दोन सूर लागायच्या आत स्टॅन गेट्झचे छायाचित्र पडद्यावर झळकले आणि सगळे एका सुरात 'स्टॅन गेट्झ!' म्हणाले. तेव्हापासून पडदा बंद आणि फोन पालथा, हा आमचा नियम आहे. गाणे ओळखणारे ॲप वापरायचे नाही, हे वेगळे सांगावे लागू नये, तरीही सांगावे.

एखादा सदस्य मुंबईत किंवा दुबईत असेल, तर त्याला व्हॉट्सॲपवर फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. स्पीकरसमोर फोन धरून व्हॉइस नोट पाठवली, तर झांजांची चमक आणि बासचा खालचा आवाज जातो, आणि वादक ओळखण्याच्या निम्म्या खुणा त्यातच असतात. खेळापुरता एकच तुकडा पाठवावा. अख्खी तबकडी वाटत सुटणे हे कलाकाराच्या हक्कांवर अतिक्रमण आहे.

जागा शांत हवी, हे तर उघडच आहे. गोव्यात मात्र आषाढात त्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हापशाच्या आमच्या घरी एकदा कौलांवरचा पाऊस आणि ड्रमवर फिरणारे ब्रश यांचे आवाज असे एकमेकांत मिसळले की एका पाहुण्याने कागदावर 'या तुकड्यात ड्रम नाहीत' असे लिहून दिले. ब्रशवर वाजवलेले संथ तुकडे आम्ही आता दिवाळीनंतरच लावतो.

ऐकण्याचा क्रम

पहिल्यांदा ऐकताना नाव काढायचेच नाही. एकदा नाव डोक्यात शिरले की कान त्याचेच पुरावे गोळा करू लागतो, हा अनुभव प्रत्येकाला येतो. त्याऐवजी प्रत्येकाने कोणती वाद्ये आहेत आणि कोणते नाही, हे कागदावर लिहावे. नसलेले वाद्य पुष्कळ सांगून जाते. बॅरिटोन सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट आहेत, पण पियानो नाही, असे आढळले तर गेरी मलिगन आणि चेट बेकर यांची १९५२ मधली चौकडी आठवावी. टेनर, बास आणि ड्रम एवढेच असतील, तर १९५७ मधल्या सॉनी रॉलिन्सचा विचार आधी करावा.

नंतर काळ ठरवावा. लाँग प्ले तबकडी १९४८ मध्ये आली. त्याआधी मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या नेहमीच्या दहा इंची तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत, त्यामुळे त्या काळातले वादक एका आवर्तनातच सर्व काही सांगून टाकतात. एक वाद्य फक्त डाव्या कानात आणि दुसरे फक्त उजव्या कानात ऐकू येत असेल, तर ध्वनिमुद्रण बहुधा १९५८ नंतरचे, म्हणजे स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्यानंतरचे असते. काळ ठरला की शंभर नावांपैकी सत्तर आपोआप गळतात.

त्यानंतर सोलो, म्हणजे मुख्य वादकाचे एकट्याचे वादन, बाजूला ठेवून मागची साथ ऐकावी. नवशिका इथेच कंटाळतो, पण साथ बहुधा लपत नाही. आर्ट ब्लेकीचा ड्रमवरचा दाबून धरलेला, फुगत जाणारा रोल नवा सोलो सुरू होताना वीज कडाडावी तसा येतो, तर एल्विन जोन्स तालाचे तुकडे न पाडता तीन-तीन मात्रांच्या लाटा एकमेकींवर घालतो. साथीदार ओळखला की त्या काळात तो कोणाबरोबर वाजवत होता, यावरून मुख्य वादकाचा माग लागतो.

मग मुख्य वादकाकडे वळावे आणि सुरांच्या आधी आवाजाची जात ऐकावी. बेन वेबस्टरच्या टेनरमध्ये सुराच्या शेवटी नुसता श्वास ऐकू येतो. लेस्टर यंगचा टेनर हलका आणि जवळजवळ कंपनहीन असतो. सिडनी बेशेच्या सोप्रॅनो सॅक्सोफोनचे रुंद, थरथरते कंपन मात्र पहिल्या सुरालाच ओळख देते. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस हार्मन म्यूटची, म्हणजे आवाज दाबण्यासाठी ट्रम्पेटच्या तोंडात बसवायच्या धातूच्या बोंडाची, मधली नळी काढून, अगदी मायक्रोफोनला लागून वाजवत असे. वेस मॉन्टगोमेरी गिटार प्लेक्ट्रमऐवजी अंगठ्याने छेडतो, म्हणून त्याचा आघात मऊ असतो, आणि सोलो रंगात आला की तो दोन सप्तकांतले एकच सूर जोडीने वाजवू लागतो. पियानोवादक थेलोनियस मंक सूर वाजवतो त्यापेक्षा जास्त गाळतो, आणि शेजारशेजारचे दोन स्वर एकदम दाबून ऐकणाऱ्याला दचकवतो.

एकाच खुणेवर मात्र भिस्त ठेवू नये. पियानोमागून कोणी गुणगुणत आहे म्हणून मी एकदा छातीठोकपणे कीथ जॅरेटचे नाव दिले आणि तो एरोल गार्नर निघाला. गुणगुणणारे पियानोवादक अनेक आहेत. गार्नरचा डावा हात गिटार छेडल्यासारखा ठोके देत राहतो आणि उजवा किंचित मागे रेंगाळतो, ही खरी खूण मी ऐकलीच नव्हती. असाच जुना सापळा चार्ली पार्कर आणि सॉनी स्टिट यांच्या एकमेकांशी फार मिळत्याजुळत्या ऑल्टो सॅक्सोफोनचा आहे. त्यात अनुभवी श्रोतेही अडकतात, म्हणून तो वर्षातून एकदाच लावावा.

गोव्यातल्या बैठकीत एक तुकडा आपल्या मातीतलाही असावा. चर्चच्या पॅरिश शाळांतून नोटेशन (स्वरलेखन) आणि व्हायोलिन शिकलेले गोमंतकीय वादक मुंबईच्या हॉटेलांतले आणि चित्रपटांतले वाद्यवृंद सांभाळत होते. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांनी संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले होते. ते अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाने ट्रम्पेट वाजवत, आणि त्यांच्या तुकड्यावर निम्मे कागद 'आर्मस्ट्राँग' असे लिहून येतात. असा तुकडा लावण्याआधी 'यात भारतात मुद्रित झालेला एक तुकडा आहे' एवढा इशारा द्यावा. त्याहून जास्त काही सांगू नये.

उत्तर उघडणे

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर प्रत्येकाने आपला कागद मोठ्याने वाचावा, आणि नावाबरोबर कारणही सांगावे. गुण द्यायचेच असतील तर बिनचूक नावाला दोन आणि योग्य कारणासह चुकलेल्या नावाला एक द्यावा. नशिबाने लागलेल्या नावाला कारण नसेल, तर तोही एकच. उत्तर कळल्यावर तोच तुकडा लगेच तिसऱ्यांदा लावावा. हे कोणी करत नाही, आणि चूक नेमकी कुठे झाली ते तेव्हाच ऐकू येते. गार्नरचा तो डावा हात मला ऐकू आला तो तिसऱ्या वेळी.

पुढच्या बैठकीची निवड सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्याने करावी, असा आमचा रिवाज आहे. या महिन्यात ती पाळी माझी आहे, आणि पाचपैकी तीनच तुकडे ठरले आहेत.